गाठ बदलली की यंत्र? डिजिटल पेट-सीटीच्या पहिल्या महिन्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागातलं आहे. मी तिथे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ होते. रुग्णाची ओळख पटेल असं काही इथे नाही. आमची चूक मात्र झाकलेली नाही, कारण हे लिहायला बसले ती तिच्यामुळेच.

पार्श्वभूमी

विभागातला जुना पेट-सीटी तेरा वर्षं चालला आणि शेवटच्या दोन वर्षांत त्याने आम्हाला पुरतं रडवलं. एखादी ट्यूब जायची, मग सुटा भाग येईपर्यंत रुग्णांच्या तारखा पुढे ढकलायच्या. नवा डिजिटल पेट-सीटी मंजूर झाला तेव्हा सगळ्यांनाच सुटल्यासारखं वाटलं.

‘डिजिटल’ म्हणजे नेमकं काय ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच निघतो. पेट तपासणीत रुग्णाला एफडीजी टोचतात. ही फ्लोरिन-१८ जोडलेली साखर. ज्या पेशी साखर जास्त ओढतात त्यांच्यात ती साठते. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांच्या आसपास. त्यातून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटला की दोघंही संपतात आणि ५११ केईव्ही ऊर्जेचे दोन फोटॉन जवळजवळ विरुद्ध दिशांना सुटतात. रुग्णाभोवतीच्या कड्यातले क्रिस्टल ते अडवतात आणि क्षणभर चमकतात. ही चमक टिपायची कशी, इथे जुनं आणि नवं वेगळं होतं.

जुन्या यंत्रात त्यासाठी फोटोमल्टिप्लायर ट्यूब होत्या, काचेच्या आणि आतून निर्वात. बारीक क्रिस्टलांच्या एका ठोकळ्यामागे चार ट्यूब. कुठल्या ट्यूबला किती उजेड दिसला हे पाहून नेमका कुठला क्रिस्टल चमकला ते ताडायचं. हॅल अँगर यांनी १९५० च्या दशकात गॅमा कॅमेऱ्यासाठी जी युक्ती काढली, तिचाच हा वंश. नव्या यंत्रात ट्यूबच्या जागी सिलिकॉन फोटोमल्टिप्लायर असतात. काही मिलिमीटरची चिप, तिच्यावर हजारो सूक्ष्म घरं, आणि प्रकाशाच्या एका कणानेही त्यातलं एक घर पेटू शकतं. किती घरं पेटली त्यावरून उजेड मोजायचा. (खरं तर बहुतेक यंत्रांत या घरांची बेरीज अ‍ॅनालॉग पद्धतीनेच होते. चिपवरच कण मोजणारी, शब्दशः डिजिटल म्हणावी अशी रचना थोड्याच यंत्रांत आहे. पण सगळे सरसकट डिजिटल म्हणतात, म्हणून मीही म्हणते.)

याने दोन गोष्टी साधतात. संवेदक लहान झाला की जागा जास्त नेमकी कळते. आणि वेळही जास्त नेमकी कळते. दोन फोटॉनपैकी कुठला किती आधी पोचला यावरून घटना त्या रेषेवर साधारण कुठे घडली ते काढता येतं. यालाच टाइम ऑफ फ्लाइट म्हणतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो. वेळ मोजण्यात ५०० पिकोसेकंदांची अनिश्चितता असेल तर जागेत साडेसात सेंटिमीटरची राहते. ३०० वर आणली की साडेचार. आज २०० च्या आसपास पोचलेली यंत्रं आहेत, म्हणजे तीनेक सेंटिमीटर. आमच्या जुन्या यंत्रात ही सोयच नव्हती.

नवं यंत्र सुरू झालं तो आठवडा रिपोर्टिंग रूममध्ये सणासारखा गेला. जुन्या चित्रात धुक्यातल्या दिव्यासारखी दिसणारी गाठ आता कडेसकट उठून दिसत होती. एफडीजीची मात्रा कमी केली, एका बेड पोझिशनला (शरीराच्या एका टप्प्याच्या स्कॅनला) तीनऐवजी दोन मिनिटं पुरू लागली. बसवायला आलेल्या मंडळींनी रिकन्स्ट्रक्शनच्या, म्हणजे टिपलेल्या घटनांवरून गणिताने चित्र बांधण्याच्या, दोन-तीन तऱ्हा दाखवल्या. त्यातली सगळ्यात देखणी, म्हणजे टाइम ऑफ फ्लाइट आणि पीएसएफ दुरुस्ती (चित्रातला पसरटपणा गणिताने कमी करणं) दोन्ही असलेली, दोन मिलिमीटर व्हॉक्सेलची (व्हॉक्सेल म्हणजे चित्र ज्यांनी बनतं ते बारीक ठोकळे) आणि चित्र गुळगुळीत करणारा फिल्टर जवळजवळ नसलेली, आम्ही एकमताने पसंत केली. तेव्हा त्या खोलीत मीही होते आणि मीही मान डोलावली.

रुग्ण आणि तिच्या उपचारातला फाटा

विशीतली एक तरुणी. हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग, तिसरी स्टेज. मानेत, छातीच्या मध्यभागी आणि पोटात गाठी. पहिला पेट-सीटी जुन्या यंत्रावर झाला होता. मग एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोचे दोन सायकल झाले आणि अंतरिम, म्हणजे उपचाराच्या मधल्या टप्प्यावरच्या, पेटसाठी ती आली तेव्हा जुनं यंत्र खोलून नेलेलं होतं. नवं सुरू होऊन तिसरा आठवडा चालू होता.

हॉजकिनमध्ये या टप्प्यावरच्या पेटला फार वजन असतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॅथल या चाचणीत, पुढे गेलेल्या हॉजकिनचे रुग्ण दोन सायकलनंतरच्या पेटवरून दोन वाटांनी पाठवले होते. पेट निगेटिव्ह आला तर काहींचं ब्लिओमायसिन बंद करून उरलेली तीन औषधं, म्हणजे एव्हीडी, चालू ठेवली. पॉझिटिव्ह आला तर बीकॉप हा जास्त तिखट उपचार. ब्लिओमायसिन फुप्फुसाला दगा देऊ शकतं. बीकॉपने रक्तपेशी फार खाली जातात, संसर्गाची भीती वाढते आणि पुढे मूल होण्याच्या शक्यतेवरही घाला येऊ शकतो. विशीतल्या मुलीसाठी या दोन वाटांमधलं अंतर किती मोठं आहे हे वेगळं सांगायला नको.

वाट ठरते डोव्हिल श्रेणीवरून. २००९ मध्ये फ्रान्समधल्या डोव्हिल गावी भरलेल्या बैठकीतून ही पाच पायऱ्यांची श्रेणी आली. उरलेल्या गाठीतली चमक छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांइतकी किंवा कमी असेल तर २. त्याहून जास्त पण यकृताइतकी किंवा यकृतापेक्षा कमी असेल तर ३. यकृतापेक्षा माफक जास्त असेल तर ४, आणि बरीच जास्त असेल किंवा नवी जागा दिसली तर ५. काहीच चमक नसेल तर १. फाटा फुटतो तो ३ आणि ४ च्या मध्ये.

अडचण

स्कॅन मंगळवारी झाला. तिसरा सायकल शुक्रवारी द्यायचा होता.

जवळजवळ सगळ्या गाठी विझलेल्या होत्या. डाव्या हसळीच्या हाडामागे (कॉलरबोनमागे) नऊ मिलिमीटरची एक गाठ उरली होती आणि ती चमकत होती. तिची एसयूव्ही मॅक्स, म्हणजे चमक मोजणाऱ्या एसयूव्ही या मापाचा कमाल आकडा, ३.४. यकृताची सरासरी २.१ आणि कमाल २.९. श्रेणी ४. रिपोर्ट लिहिणाऱ्या ज्येष्ठ डॉक्टरांनी मसुदा तयारही केला होता, पण सही करण्याआधी त्यांनी जुना आणि नवा स्कॅन शेजारी शेजारी लावला आणि मला खाली बोलावलं. त्यांचा प्रश्न साधा होता. ‘या गाठी सगळीकडे विझल्या, पोटातली सगळ्यात दांडगी होती तीसुद्धा गेली. मग एवढीशी ही का हटून बसली आहे? आणि यकृताच्या कमाल आणि सरासरी आकड्यांत एवढं अंतर मला आधी कधी दिसायचं नाही.’

मला वाटतं, या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हाच. गाठीवर शंका घेणं सोपं आहे, सगळेच घेतात. त्यांनी यकृतावर शंका घेतली.

आधी काय तपासलं

भौतिकशास्त्रज्ञाचा पहिला संशय नेहमी घड्याळावर आणि तराजूवर असतो. एसयूव्ही म्हणजे ऊतीतली किरणोत्सारिता भागिले रुग्णाच्या दर किलोमागे टोचलेली मात्रा. यातला एकही आकडा चुकला तर उत्तर चुकतं. वजन त्याच दिवशी केलेलं होतं. रक्तातली साखर ठीक होती. डोस कॅलिब्रेटरचं (टोचायची मात्रा मोजणाऱ्या यंत्राचं) घड्याळ आणि स्कॅनरचं घड्याळ अर्ध्या मिनिटाच्या आत जुळत होतं. हातात, टोचल्या जागी औषध साचलेलं नव्हतं. टोचल्यापासून स्कॅन सुरू होईपर्यंतचा वेळ पहिल्या वेळी ६२ मिनिटं, या वेळी ७४. बारा मिनिटांचा फरक चालण्यासारखा होता, जरी मला तो आवडला नाही. नव्या यंत्राचं डोस कॅलिब्रेटरशी जुळवलेलं कॅलिब्रेशन आठवड्यापूर्वीचं होतं आणि बरोबर होतं.

म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. तासाभराने मी हे त्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं आणि मला उलट काळजी वाटू लागली. कॅलिब्रेशन बिघडलेलं असतं तर यकृताचा सरासरी आकडाही बिघडला असता. तो जुन्या स्कॅनइतकाच होता. वाढलं होतं ते फक्त लहान गाठीतलं माप, आणि यकृतातला दाणेदारपणा.

याचं कारण आमच्या विषयात पहिल्या वर्षाला शिकवतात. ओल्या कागदावर शाईचा थेंब टाका. शाई तेवढीच राहते, पण पसरते आणि मध्यभागी फिकट होते. पेटच्या चित्रात प्रत्येक बिंदू असाच थोडा पसरतो. गाठ मोठी असेल तर तिच्या मध्यावर काही फरक पडत नाही. नऊ मिलिमीटरची असेल तर तिचा सगळा भरणाच शेजारी सांडतो आणि कमाल आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी येतो. कागद जितका कोरडा, तितका थेंब गडद. नव्या यंत्राने कागद कोरडा केला होता. त्यावर पीएसएफ दुरुस्ती, म्हणजे पसरलेली शाई गणिताने परत गोळा करणं. हे गणित लहान गोष्टींच्या बाबतीत कधी कधी जरा जास्तच उत्साह दाखवतं आणि खऱ्यापेक्षा मोठा आकडा देतं. यकृत मोठं आहे, त्याच्या सरासरीला यातलं काहीच लागत नाही.

आता डोव्हिलचं सूत्र आठवा. लहान गाठीची तुलना मोठ्या यकृताशी. तराजूच्या एका पारड्यावर यंत्र बदलल्याचा परिणाम होतो आणि दुसऱ्यावर जवळजवळ होत नाही.

समोरचे पर्याय

बुधवारी सकाळी आम्ही चौघं बसलो. मी, रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टर, तिच्यावर उपचार करणारे रक्तविकारतज्ज्ञ आणि आमचा मुख्य टेक्नॉलॉजिस्ट.

रिपोर्ट आहे तसा पाठवायचा, हा पहिला पर्याय. यंत्र बरोबर आहे, आकडा बरोबर आहे, श्रेणी ४ आहे. कागदोपत्री यात कोणीच दोष काढू शकला नसता. म्हणूनच तो पर्याय मला धोक्याचा वाटत होता.

बायोप्सी करावी, असं रक्तविकारतज्ज्ञ म्हणाले आणि लगेच स्वतःच त्यातली अडचण सांगितली. हाडामागची नऊ मिलिमीटरची गाठ, केमोने खाली आलेल्या पांढऱ्या पेशी, आणि सुईत काही आलं नाही तरी त्याचा अर्थ काय घ्यायचा हा प्रश्न उरतोच. केमोनंतरच्या गाठीत मेलेल्या पेशी आणि सूज यांचीच गर्दी असते.

दुसऱ्या ठिकाणच्या जुन्या धर्तीच्या यंत्रावर पुन्हा स्कॅन करणं शक्य होतं. पण पुन्हा किरणोत्सार, पुन्हा उपास, केमो पुढे ढकलावी लागणार, आणि हाती काय येणार? तिसऱ्या यंत्राचा तिसरा आकडा. तेही यंत्र आमच्या जुन्या यंत्राशी जुळवलेलं नव्हतंच.

केमो आहे तशी चालू ठेवून दोन सायकलनंतर पुन्हा पाहू, असंही एक मत आलं. ते मवाळ वाटतं, पण त्यात निर्णय टाळलेला असतो. पेट खरोखर पॉझिटिव्ह असेल तर दोन महिने वाया, आणि निगेटिव्ह असेल तर फुप्फुसाला ब्लिओमायसिनचे आणखी चार डोस विनाकारण.

शेवटचा पर्याय टेक्नॉलॉजिस्टने काढला. रॉ डेटा अजून यंत्रात होता. नव्या यंत्राने प्रत्येक घटना सुटी सुटी नोंदवून ठेवलेली असते, त्यामुळे त्याच स्कॅनवरून दुसऱ्या पद्धतीने चित्र पुन्हा बांधता येतं. पीएसएफ काढून टाकायचं, व्हॉक्सेल मोठे करायचे, वरून फिल्टर लावायचा, आणि जुन्या यंत्राला जसं दिसलं असतं तसं चित्र काढायचं. रुग्णाला पुन्हा बोलवायचीही गरज नाही. हे एकाच दिशेने शक्य आहे, ही बाब ध्यानात ठेवण्यासारखी. नव्या स्कॅनवरून जुन्यासारखं चित्र काढता येतं. जुन्यावरून नव्यासारखं काढता येत नाही, कारण जे टिपलंच नाही ते कुठून आणणार?

तो पुढे म्हणाला, ‘पण घाई करा. डिस्क भरली की यंत्र सगळ्यात जुना रॉ डेटा आपोआप पुसतं. सध्या बारा-तेरा दिवसांचा राहतो.’ हे मला माहीत असायला हवं होतं. नव्हतं.

काय केलं

‘जुन्यासारखं’ म्हणजे किती जुन्यासारखं, हे डोळ्यांनी ठरवून चाललं नसतं. फिल्टर जरा जास्त लावला की कुठलीही गाठ विझवता येते. शुक्रवारी कोणी मला विचारलं असतं की ‘तुम्हाला हवं ते उत्तर येईपर्यंत चित्र धूसर केलंत का?’, तर त्यावर माझ्याकडे उत्तर हवं होतं.

उत्तर फँटममध्ये होतं. धडाच्या आकाराचं प्लास्टिकचं भांडं, आत सहा पोकळ गोळे. व्यास १०, १३, १७, २२, २८ आणि ३७ मिलिमीटर. भांड्यात आणि गोळ्यांत एफडीजीचं पाणी भरायचं, गोळ्यांत सुमारे दहापट तीव्र. मग स्कॅन करून पाहायचं की प्रत्येक गोळ्यातली खरी तीव्रता चित्रात किती उतरली. युरोपीय न्यूक्लिअर मेडिसिन संघटनेच्या अर्ल या उपक्रमाने २०१० पासून याच फँटमवर यंत्रं एका पातळीवर आणायची पद्धत रूढ केली आहे. २०१९ पासून नव्या यंत्रांसाठी वेगळी, वरची पट्टीही दिली.

जुनं यंत्र गेलं होतं, पण नशिबाने चार वर्षांपूर्वी एका संशोधनासाठी आम्ही त्यावर हाच फँटम स्कॅन केला होता आणि ती चित्रं एका बॅकअप डिस्कवर सापडली. बुधवारी रुग्णांची यादी संपल्यावर नव्या यंत्रावर फँटम भरला. दहा मिलिमीटरच्या गोळ्याचा कमाल आकडा जुन्या यंत्रावर खऱ्याच्या ४८ टक्के उतरला होता. नव्यावर आमच्या देखण्या रिकन्स्ट्रक्शनमध्ये ७९ टक्के. तेरा मिलिमीटरचा गोळा जुन्यावर ७०, नव्यावर चक्क ११२, म्हणजे खऱ्यापेक्षा जास्त. ३७ मिलिमीटरला दोन्ही यंत्रं जवळजवळ एकमतात. कागदावर हे दोन आलेख एकावर एक ठेवले तेव्हा अख्खं प्रकरण तिथेच दिसत होतं.

मग पीएसएफ बंद, चार मिलिमीटरचे व्हॉक्सेल, आणि फिल्टर थोडा थोडा वाढवत सहाही गोळे जुन्या आलेखावर बसेपर्यंत प्रयोग. रात्री साडेदहाला ते बसले. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिल्टर किती हे ठरेपर्यंत मी रुग्णाचा डेटा उघडलाच नव्हता. आधी माप ठरलं, मग गाठ मोजली.

त्या मापाने गाठीची एसयूव्ही मॅक्स आली २.२. यकृताची सरासरी २.१, पूर्वीइतकीच. यकृताची कमाल २.९ वरून २.५ वर उतरली. डोळ्याला गाठ आणि यकृत सारखेच दिसत होते. श्रेणी ३.

इथे एक कबुली दिलीच पाहिजे. गाठीच्या कमाल आकड्याची तुलना यकृताच्या कमाल आकड्याशी करायची की सरासरीशी, यावर विभागाविभागात पद्धत वेगळी आहे. कमाल आकड्याशी केली तर आमचं उत्तर निखळ ३. सरासरीशी केली तर अगदी काठावर. डोव्हिल ही मुळात डोळ्यांनी पाहायची श्रेणी आहे हे खरं, पण काठ हा काठच.

ट्यूमर बोर्डात

ट्यूमर बोर्ड म्हणजे कर्करोगाच्या रुग्णांचे उपचार एकत्र ठरवणाऱ्या डॉक्टरांची बैठक. गुरुवारच्या बैठकीत आम्ही दोन्ही चित्रं, दोन्ही आलेख आणि दोन्ही आकडे मांडले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी जो आक्षेप घेतला तो मला अजून आठवतो. ते म्हणाले, ‘नव्या चष्म्याने डाग दिसतोय. तुम्ही जुना चष्मा चढवून म्हणताय, दिसत नाही. म्हणजे डाग गेला का?’

आक्षेप बिनतोड वाटतो. डाग गेलेला नसतोच. नव्या यंत्राचा ३.४ हा आकडा २.२ पेक्षा सत्याच्या जवळ असण्याचीच शक्यता जास्त. पण बोर्डापुढचा प्रश्न गाठीत खरी तीव्रता किती, हा नव्हता. अशा रुग्णांचं पुढे काय होतं, हा होता. आणि ते आपल्याला ज्या चाचणीतून ठाऊक झालं तिच्यात रुग्ण घेतले गेले २००८ ते २०१२ या काळात, तेव्हाच्या यंत्रांवर. त्या यंत्रांनी ज्यांना निगेटिव्ह म्हटलं, त्यांच्यात अशा फिकट दिसलेल्या, नव्या यंत्रावर कदाचित लखलखल्या असत्या अशा लहान गाठींचे रुग्णही असणारच. त्यांना धरूनच तीन वर्षांनी आजार न वाढलेल्यांचं प्रमाण एबीव्हीडी गटात ८५.७ आणि एव्हीडी गटात ८४.४ टक्के आलं. ३ आणि ४ मधली रेघ जुन्या चष्म्यातून पाहूनच आखलेली आहे. रेघ तीच ठेवून चष्मा बदलला तर जे रुग्ण काल रेघेच्या अलीकडे होते ते आज पलीकडे जातात, आजार तसूभर न बदलता.

ते सहकारी शेवटपर्यंत पूर्ण पटलेले नव्हते आणि त्यांची नोंद इतिवृत्तात तशीच आहे. बोर्डाने श्रेणी ३ धरली. बीकॉप नको, ब्लिओमायसिन बंद, एव्हीडीचे चार सायकल, आणि शेवटचा पेट याच यंत्रावर, दोन्ही रिकन्स्ट्रक्शनसह. तिला आणि तिच्या घरच्यांना रक्तविकारतज्ज्ञांनी सगळं सांगितलं, दोन आकडे कसे आले तेसुद्धा. तिने विचारलं, ‘म्हणजे मी तीच आहे, फक्त फोटो चांगला आला?’ इतकं नेमकं आम्हा कोणाला सुचलं नव्हतं.

पुढे काय झालं

तिसरा सायकल ठरल्या दिवशी, शुक्रवारीच झाला. उपचार संपल्यावरच्या स्कॅनमध्ये गाठ सहा मिलिमीटरची उरली होती. देखण्या चित्रात श्रेणी ३, जुळवलेल्या चित्रात २. अडीच वर्षांनंतरच्या भेटीपर्यंत आजार परतलेला नव्हता.

हा शेवट गोड आहे, पण एका रुग्णावरून आमचा निर्णय बरोबर ठरत नाही. बीकॉप दिलं असतं तरीही ती बरी झाली असती, आणि मग कोणाला कधी काही कळलंच नसतं. अशी चूक रिपोर्टमध्ये दिसत नाही, तिची तक्रार होत नाही. रुग्ण बरा होतो आणि गरजेपेक्षा जास्त काय भोगलं याचा हिशोब कुठेच लागत नाही.

आज पुन्हा करायचं तर

जुनं यंत्र खोलण्याआधीच दोन्ही यंत्रांवर एकाच दिवशी फँटम स्कॅन करीन. चार वर्षांपूर्वीची डिस्क सापडली हा निव्वळ योगायोग होता. ती नसती तर मी कशाशी जुळवणार होते?

नव्या यंत्रावर पहिल्याच दिवसापासून प्रत्येक रुग्णाची दोन चित्रं बांधली जातील: एक डोळ्यांसाठी, एक आकड्यांसाठी. लहान गाठ शोधायला देखणं चित्रच हवं, त्यात वाद नाही. तुलना मात्र जुळवलेल्या चित्रावर. आमच्याकडे आता तसंच चालतं. रिपोर्टमध्ये यंत्राचं आणि रिकन्स्ट्रक्शनचं नाव येतं आणि मागचा स्कॅन कशावर झाला तेही येतं. यावर सुरुवातीला रिपोर्टिंग रूममध्ये थोडी कुरकुर झाली, कारण रोज दुप्पट चित्रं पाहावी लागतात.

उपचाराच्या मधोमध असलेल्या रुग्णांची यादी आम्ही केलीच नव्हती. यंत्र कधी बंद होणार ते दोन महिने आधी माहीत होतं. ज्यांचे अंतरिम स्कॅन त्या आठवड्यांत येणार होते त्यांच्यातल्या काहींचे तरी जुन्या यंत्रावर उरकता आले असते.

रॉ डेटा किती दिवस राहतो हा प्रश्न खरेदीच्या वेळी विचारायचा असतो. आम्ही संवेदनशीलता विचारली, वेळेची अचूकता विचारली, बेडची वजनाची मर्यादासुद्धा विचारली.

आणि जुळवणीची पट्टी कायमची जुन्या यंत्राचीच ठेवायची का, हा प्रश्न अजून आमच्याकडे मिटलेला नाही. ज्यांचा पहिला आणि शेवटचा दोन्ही स्कॅन नव्या यंत्रावर झाले, त्यांना अर्लची २०१९ ची वरची पट्टी लावावी असं माझं मत आहे. रिपोर्ट करणाऱ्या डॉक्टरांना दोन पट्ट्या नको आहेत. त्यांचं म्हणणं, एका थकलेल्या संध्याकाळी कोणीतरी चुकीची पट्टी लावील. हृदयाच्या न्यूक्लिअर तपासणीसाठी सीझेडटी (एका नव्या अर्धवाहक संवेदकाचे) कॅमेरे आले तेव्हाही, तुलनेसाठी लागणारे ‘नॉर्मल’ रुग्णांचे संदर्भसंच नव्याने बांधावे लागतात हे त्या मंडळींना शिकून घ्यावं लागलं होतं. १९४ सेंटिमीटर लांबीची, अख्खं शरीर एकदम टिपणारी पेट यंत्रंही आता आली आहेत. त्यांच्यापुढे आमचा नवा स्कॅनर हाच जुना चष्मा ठरेल.

बाकीचे चौदा रुग्ण

बोर्डाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही मागे गेलो. नवं यंत्र सुरू झाल्यापासून ज्यांचा आधीचा स्कॅन जुन्या यंत्रावर होता आणि उपचार चालू होता, असे आणखी चौदा जण निघाले. अकरा जणांचा निष्कर्ष दोन्ही चित्रांत एकच होता. दोघांचा बदलला. त्यातल्या एकाच्या रिपोर्टमध्ये आम्ही छातीतल्या एका लहान गाठीत वाढ नोंदवली होती, ती जुळवल्यावर वाढ राहिली नाही. सुदैवाने त्याच्या डॉक्टरांनी अजून उपचार बदलले नव्हते. दोघांचेही सुधारित रिपोर्ट त्याच दिवशी गेले, आणि मी स्वतः फोन केले, कारण सुधारित रिपोर्ट फायलीत जाऊन पडतो हे मी पाहिलेलं आहे.

चौदावा रुग्ण नवं यंत्र सुरू झालं त्या पहिल्याच दिवशीचा होता. त्याच्या रिपोर्टमध्ये आठ मिलिमीटरच्या गाठीत ‘वाढ’ लिहिली होती आणि त्यावरून औषध बदललंही होतं. त्याचा रॉ डेटा दोन दिवसांपूर्वी पुसला गेला होता. उरलेल्या देखण्या चित्रावर वरून फिल्टर लावून मी अंदाज काढला, तो दोन्ही बाजूंना जाऊ शकत होता. त्याच्या डॉक्टरांना आम्ही लिहून कळवलं की तो ‘वाढ’ हा शब्द आम्ही मागे घेत आहोत आणि त्या जागी दुसरा शब्द देता येत नाही. त्यांनी पुढचा स्कॅन आधीच घ्यायचं ठरवलं. त्या स्कॅनमध्ये गाठ तेवढीच होती. नव्या औषधामुळे थांबली होती की मुळात वाढलीच नव्हती, ते आता सांगता येत नाही.